शाफ्ट

दुपारी दोनला मशीन थांबलं.
धुराआधी वास आला, जळक्या दोराचा.
इंजिन बंद केलं, खाली उतरलो, सुरी काढली.
चार मीटर उंच हेंप कापायचा तर हे ठरलेलंच:
धागा शाफ्टला मिठी मारतो,
सोडवायला जावं तर आणखी आवळतो.
कधी तासभर कापत बसतो मी, कधी तीन.
गव्हाने असं कधी केलं नाही.
गहू बिचारा पड म्हटलं की पडतो.

उताणा पडून, यंत्राच्या आतड्यांत हात घालून
माणूस काय काय आठवतो.

जुलैत दुमित्राश आला होता, पोलिसांच्या गाडीतून,
कात्री आणि कागदी पिशव्या घेऊन.
शेतात तिरपा चालत त्याने पन्नास शेंडे खुडले,
पिशवीपिशवीवर तारीख, सही, शिक्का.
महिन्याने आकडा आला: शून्य पूर्णांक शून्य आठ.
"एवढ्यात चिमणीलाही चढायची नाही,"
तो म्हणाला. जरा हिरमुसलेलाच वाटला.
तरी रात्री गावातली पोरं येतात, पानं नेतात, ओढतात,
आणि नुसतं डोकं धरून घरी जातात.
तुळशीत भांग सगळ्यांनी ऐकलेली असते;
भांगेत तुळस निघाली तर
तिला आधी ठाण्यात नेतात.

मुरेशच्या काठी पूर्वी कुजवणीची तळी होती.
सावेता तिथे एकोणीस वर्षं राबली,
ऑक्टोबरात कमरेभर पाण्यात,
पेंढ्यांवर दगड ठेवायचे, दगड काढायचे.
तो वास लग्नातही अंगाला यायचा, ती सांगते,
पण नवऱ्यालाही तोच यायचा, म्हणून निभावलं.
मग कारखाना बंद पडला.
बॉयलर, रूळ, दात्यांची चाकं, सगळं भंगारात गेलं.
ज्यांनी ते विकलं त्यांत माझे वडील होते.
माझी पहिली सायकल त्या पैशांतली.
हे मी रारेशला अजून सांगितलेलं नाही.

रारेश इटलीत बारा वर्षं भिंतींना गिलावा करत होता.
परत आला तो हेच डोक्यात घेऊन:
साल गाड्यांच्या कारखान्याला, बी तेलाला,
आतला भुसा चुन्यात कालवून भिंतीला.
आता तळी नाहीत, दवच कुजवतं.
कापलेले दांडे शेतातच पसरतो, उलटतो, वाट पाहतो.
त्याच्याजवळ ओल मोजायचं यंत्र आहे.
यंत्र म्हणालं, उचला.
सावेताने एक दांडा कटकन मोडला, नाकाशी धरला,
म्हणाली, अजून दोन रात्री.
ट्रक फाटकात उभे. आम्ही तिचं ऐकलं.

तिसऱ्या दिवशी पाऊस लागला तो पाच दिवस.
अर्धं शेत काळं पडलं.
गाड्यांवाल्यांनी फोनवरच नकार दिला.
सावेता सायकल ढकलत आली, बांधावर बसली.
कुणी काही बोललं नाही.
"पाणी कळतं मला," ती म्हणाली, "आभाळ नाही कळत."
रारेशने तिला थर्मासमधली कॉफी दिली
आणि यंत्राची बॅटरी काढून खिशात टाकली.
का, कोण जाणे.

काळ्या दांड्यांतला गाभा मात्र शाबूत होता.
त्याची पहिली भिंत उभी राहिली
सावेताच्या कोंबड्यांच्या खुराड्याला, हातभर जाड.
जानेवारीत उणे सतरा होतं;
सकाळी दार उघडलं तर आत ऊब, आणि तीन अंडी.
अंडी भिंतीमुळे की मक्यामुळे, वाद अजून चालू आहे.
पण वसंतात शेजारच्या गावातून दोघे आले,
भिंतीवर टिचक्या मारल्या, कान लावला,
बियाण्याचा भाव विचारून गेले.

सुटला.
कोपरापर्यंत काळा हात, आणि हातात झुबका:
करपलेला, तेलकट, पीळ पडलेला.
दोन्ही हातांनी ओढून पाहिला. तुटत नाही.

आमच्या फाटकाची कडी कधीचीच गेलीय.
वडिलांनीच विकली असेल.
आज संध्याकाळी हा तिथे बांधीन.